खूप छान, असंच लिहीत राहा

४ मार्च

खारूताई,

सगळ्यात आधी कोण उगवला असेल, सांग! केसवाला. शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी कशी बसवायची ते मी ब्लॉगवर टाकलं, उठून पाणी प्यायले, तेवढ्यात हा दारात. ‘अप्रतिम माहिती! केसगळतीने हैराण आहात? इथे क्लिक करा.’ मनात म्हटलं, मेल्या, कॉलर वाचून तुला केस कुठून आठवले? मग कळलं, गळून पडतात ते कॉलरवरच की! हुशार आहे हो.

त्याच्या मागोमाग कर्जवाली. घरबसल्या पाच मिनिटांत कर्ज देते म्हणे. तिला लिहिलं, बाई गं, मला नको, पण तू साऱ्या जगाला वाटत सुटलीस, तुझ्या ताटात उरतं का काही? तिनं उत्तर दिलं नाही. लाजली असेल. मग आला गादीवाला. हा मला आवडतो, सभ्य आहे. ‘सुंदर लेख. पाठदुखीचा त्रास आहे का? आमच्या गाद्या पाहायला इथे भेट द्या.’ या घरात माझ्या पाठीची चौकशी करणारं दुसरं आहे कोण? पाल आहे एक, ती आपल्याच घाईत असते. मी सगळ्यांना उत्तरं दिली, खाली माझा फोन नंबर आणि पत्ता घातला. म्हटलं या कधीही, चहा होईल.

मला वाटलं केसवालाच पहिला, पण वर सरकवून बघते तर त्याच्याही आधी येऊन बसलेलं कोण? बसलीस ना नीट? तुझा बाबा! ‘खूप छान लिहिलंयस आई. मन भरून आलं. असंच लिहीत राहा.’ मी चष्मा पुसून परत वाचलं. अगं, जन्मभर मी दुसऱ्यांच्या शर्टांना काजं केली, बटणं लावली, कुणी म्हणालं नाही की बाई, काज छान झालंय. बटण तुटलं की मात्र यायचे. आणि आता माझा लेक मला शेरा देतो! फोन केला की ‘आई, ठेवतो, मीटिंग आहे’, आणि इथं बघ, मन भरून आलं. तू मला हा ब्लॉग काढून दिलास, मी बोलते आणि फोन लिहितो, तुझे उपकार कसे फेडू?

एवढं फोनवर का नाही सांगितलंस, म्हणशील. फोनवर तू हूं हूं करतेस बाई. कागदावर नुसतं हूं लिहून पाठवता येत नाही, तिकीट वाया जातं. म्हणून पत्र. उत्तर दे.

तुझी आजी


१५ मार्च

आजी,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग डोकं धरून बसले. फोन नंबर? पत्ता?? कुणालाही? मी आत्ताच काढून टाकलाय. परत घालायचा नाही.

नीट ऐक. ही तुझी पाहुणेमंडळी पाहुणे नाहीत. याला स्पॅम म्हणतात. बहुतेक मशीनच असतात. क्वचित माणूस असतो, पण त्याला पैसे मिळतात ते लिंक चिकटवायचे, तुझं वाचायचे नाही. जितक्या जास्त ठिकाणी लिंक, तितकं त्यांचं दुकान शोधताना वर दिसतं. आपल्या जिन्यात झुरळं मारणाऱ्यांचे कागद चिकटवलेले असतात ना, तसं. त्या कागदाला तू चहा विचारतेस का?

म्हणून आता चाळणी बसवली आहे. कमेंट आधी माझ्याकडे येईल, मी बघेन, लिंक दिसली की कचऱ्यात. बाबाचं नाव तेवढं मोकळं ठेवलंय, त्याची कमेंट थेट दिसेल. आणि कुठल्याही लिंकवर क्लिक करू नकोस, अगदी ‘पाठदुखी’ लिहिलेलं असलं तरी.

इथे कामाचा नुसता डोंगर आहे. नंतर सविस्तर लिहिते.

खारू


२४ मार्च

खारूताई,

बसली गं बाई तुझी चाळणी. घर कसं सामसूम झालं. केसवाला गेला, कर्जवाली गेली. तू म्हणतेस ती माणसं नव्हती, तर नसतील. तू शिकलेली. पण माणसं असून न येणारी मला पुष्कळ ठाऊक आहेत, त्यापेक्षा ही बरी होती.

तेवढं गादीवाल्याचं बघ. तू दार लावायच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, ‘गादीच्या खोळीचे कोपरे सारखे उसवतात, तिथे कसा टाका घालावा?’ आता मला सांग, मशीनला कोपरा कशाला शिवायचाय? मी त्याच्यासाठी अख्खा लेख लिहिला. कोपऱ्यात कापड जास्त घ्यायचं, आतून एक चौकोनी ठिगळ द्यायचं आणि दोरा दुहेरी. तो लिंक देतो म्हणून वाईट? दुकानदार दुकानाचं नाव नाही सांगणार तर काय मामाचं सांगणार? त्याला आत येऊ दे.

बाकी तुझ्या बाबाची कमाल आहे हं. मी लेख टाकते न टाकते तोच त्याचं उत्तर. पापणी लवत नाही! एवढा कामातला माणूस, पण आईचं काही आलं की हातातलं टाकून वाचतो. समोरच्या इस्त्रीवालीला मुद्दाम जाऊन दाखवलं. ती म्हणते, ‘एवढ्या लवकर? अहो, वाचायला तरी वेळ लागतो ना?’ मी म्हटलं, माझा लेक लहानपणापासून भरभर वाचतो. जळते मेली. तिचा मुलगा खालच्याच मजल्यावर राहतो आणि तिला जिन्यात ओळख देत नाही.

आता एक सांगायचंय, पण पत्रात नाही सांगत. बाबाला फोनवर सांगायला गेले तर ‘आई, संध्याकाळी बोलू’, आणि त्याच्या गावात संध्याकाळ काही होत नाही. म्हणून ठरवलं, ब्लॉगवरच लिहायचं. तिथं तो वाचतो, तूही वाचतेस, एकदाच लिहिलं की दोघांना कळेल. असलं चारचौघांत लिहायची लाज वाटते, पण तुझ्या चाळणीमुळे आता तिथं आपण घरचेच उरलोत. बरंच झालं म्हणायचं.

वाच हं. दोन दिवसांत टाकते.

आजी


५ एप्रिल

आजी,

उशीर झाला, सॉरी सॉरी. तुझा नवा लेख वाचला. मस्त! कसं सुचतं गं तुला? बाबालाही आवडलेला दिसतो, त्याची कमेंट पाहिलीच असशील.

आणि त्या गादीवाल्याचं नाव काढू नकोस. भलताच चिवट निघाला. तुझ्या एकाच लेखाखाली सारखा चिकटत होता, एकामागून एक. कंटाळून सगळ्या कमेंट न वाचताच उडवल्या आणि त्याला कायमचा बंद केला. यांना तोंड दिलं की हे असंच होतं.

माझं बरं चाललंय. ऑफिसमध्ये नवीन जागा मिळाली, खिडकीजवळ. खोलीतली मैत्रीण घोरते, म्हणून कानात बोळे घालून झोपते. तू मजेत ना? तब्येतीला जप, आणि असंच लिहीत राहा!

खारू


२० एप्रिल

खारूताई,

मस्त म्हणालीस ना, मस्तच झालं सगळं. टाके मी स्वतः बघितले. डॉक्टरांची टीप सरळ आहे, मान्य करायला हवं. शेवटची गाठ मारताना जरा घाई केलीय, पण मी त्यांना बोलले नाही. पोट माझं असलं तरी सुई त्यांची.

तू वाचलंसच, पण माझ्या समाधानासाठी पुन्हा लिहिते, काही चुकलं होतं का बघ. मी लिहिलं होतं, ‘आज शिवणाचं काही नाही. हे माझ्या लेकासाठी. माझ्या पित्ताशयात खडे झालेत. दुर्बिणीतून जमणार नाही, पोट उघडावं लागेल म्हणतात. दहा तारखेला आहे. डॉक्टर म्हणाले, घरचं माणूस आणा. बाळा, तू ये. मला भीती वाटते.’ एवढंच. आजवरचं सगळ्यात छोटं.

आणि पापणी लवायच्या आत, ‘खूप छान लिहिलंयस आई. मन भरून आलं. असंच लिहीत राहा.’

मी म्हटलं, घाईत असेल. मग म्हटलं, मन भरून आलं म्हणजे रडला असेल, रडताना माणसाला सुचत नाही. मग म्हटलं, यायचंच आहे तर लिहितो कशाला, येईलच. माणूस स्वतःची किती गं समजूत घालतं! नऊ तारखेला दाराची कडी काढून बसले. मग तुझं पत्र आलं. मस्त. कसं सुचतं. ते वाचलं आणि कडी लावून घेतली.

कडी लावली आणि फोन वाजला. ‘आजी, मी गाद्यांच्या दुकानातून बोलते.’

बायकी आवाज! अगं, आपला गादीवाला म्हणजे पोरगी आहे. तू नंबर काढलास, पण तिनं आधीच उतरवून घेतला होता. म्हणाली, ‘तुमच्या लेखाखाली मी विचारत होते, दिसतच नव्हतं काही. उद्या ऑपरेशन ना? आलं का कुणी?’

मी म्हटलं, ‘येतील.’

‘येतील म्हणजे आलेत का?’

‘तू फार बोलतेस गं गादीवाल्याच्या मानानं,’ मी म्हटलं, आणि लावलेली कडी परत काढली.

सकाळी आली. दुकानाच्या टेम्पोत बसून, पुढे ड्रायव्हर, मागे दोन गाद्या. मला म्हणे, ‘मागे आडव्या पडता का? ऑपरेशनआधी आरामात जाल.’ त्या ड्रायव्हरला हसू आवरेना. दवाखान्यात खिडकीपाशी बसलेल्या बाईनं तिला विचारलं, ‘पेशंटचं आणि तुमचं नातं काय?’ ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, लिहा, वाचक. बाई म्हणाली, ‘असं नातं नसतं आजी.’ मग शेजारीण लिहिलं. सही तिनंच केली.

तुझा बाबा आला, नाही असं नाही. नर्सनं माझ्या फोनवरून कळवल्यावर दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या माझ्यावरच. ‘आई, सांगायचं नाही का?’

‘सांगितलं की रे. लिहिलं होतं.’

‘हो हो, वाचलं ना. खूप छान लिहितेस तू.’

पोरगी पलीकडे मोसंबी सोलत होती. तिला म्हणाला, ‘ताई, तुमचा दिवसाचा काय दर आहे? आणखी आठवडाभर राहाल का?’ ती म्हणाली, ‘मी गाद्यांची आहे.’ त्याला वाटलं चेष्टा करते. तासभर बसला, त्यात पाऊण तास बाहेर फोनवर होता. घरी निघताना म्हणाला, सुट्टी मिळाली की येतो.

एवढंच विचारायचं होतं, खारूताई. तुला त्यातलं नेमकं काय मस्त वाटलं?

आजी


२९ एप्रिल

आजी,

मी वाचलं नव्हतं. एकही लेख नाही, पहिल्या दोन-तीनांनंतर. बाबाने फोनवर सांगितलं, ‘आजीचं छोटंसं ऑपरेशन झालं, ठीक आहे’, आणि मी हूं म्हटलं.

आणखी एक आहे. ते लपवून ठेवलं तर मला झोप लागणार नाही. बाबाची कमेंट बाबा लिहीत नाही. ब्लॉग काढला तेव्हा तो म्हणाला होता, ‘मला वेळ होत नाही, आईला बरं वाटेल असं काहीतरी बसवून दे.’ मी बसवलं. तू लेख टाकलास की त्याच्या नावानं ते वाक्य आपोआप पडतं. वाक्य मी लिहिलेलं आहे. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं.

काल कचऱ्यातून गादीवालीच्या कमेंट काढल्या. कायमच्या जायच्या आधी काही दिवस पडून राहतात तिथे. तुझ्या त्या लेखाखाली चार होत्या. पहिली नेहमीसारखी, ‘सुंदर लेख.’ दुसरी, ‘आजी, हे खरं आहे का? मी आधी न वाचताच टाकलं, माफ करा.’ तिसरी, ‘कोण आहे तुमच्याबरोबर?’ चौथीत तिचा फोन नंबर. सगळ्यांखाली दुकानाची लिंक आपोआप येते, म्हणून माझ्या चाळणीनं चारही अडवल्या. आणि मी एकदाच बटण दाबून चारही उडवल्या.

मी येते. सुट्टी मिळाली की लगेच येते.

खारू


८ मे

खारूताई,

तू सुट्टी मिळाली की येते म्हणतेस, बाबाही तेच म्हणाला. हे वाक्य कुणी बसवून दिलंय तुमच्यात?

रडू नकोस, रागावले तर आहेच, पण तुझ्यावर कमी. तू निदान कचरा उपसलास. तुझ्या बाबाचा फोन आला होता. तू सांगितलंस वाटतं त्याला. ‘आई, मला वाटलं तुला बरं वाटेल.’ मी म्हटलं, वाटलं की रे! एवढं बरं मला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. इस्त्रीवालीला जाऊन दाखवलं मी. आता तिला काय सांगू? तर म्हणतो, ‘तिला कशाला सांगायचं?’ बघ. याला तेवढीच काळजी. मग म्हणाला, येण्याचं बघतो. म्हटलं बघ बाबा, बघायला काय, लांबूनही दिसतं.

तर तुझं ते यंत्र काढून टाक. आणि बाबाचं नाव त्या मोकळ्या यादीतून काढून चाळणीत घाल. लिंक नाही त्याच्या कमेंटला, मला माहीत आहे. तरी घाल. खरंच कधी काही लिहिलं त्यानं, तर आधी तू वाच, माणसानं लिहिलंय असं वाटलं तर मला दाखव. नाहीतर कचऱ्यात. गादीवालीचं मात्र दार उघड, लिंकेसकट.

तू म्हणशील आजीला पुळका आला. मला काही पुळका नाही, आणि तिलाही नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून दिवसभर ‘सुंदर लेख, सुंदर लेख’ लिहीत असते, मालक मोजून घेतो. वॉर्डातून निघताना शेजारच्या खाटांवरच्या बायकांना दुकानाची कार्डं वाटून आली. मला म्हणते, ‘आजी, तुमच्या लेखात आमची लिंक टाकाल का? माणसानं आपणहून टाकली की जास्त चालते.’ मी विचारलं, ‘आणि माझ्या पोटात खडे नसते, तर आली असतीस का गं?’

‘नसते आले,’ म्हणाली. ‘तुमचं ते भीती वाटते वाचलं म्हणून आले. एरवी आम्ही वाचत नाही.’

तोंडावर सांगितलं. मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही. हवी तर दोन्ही धर. दुधाची तहान ताकावर भागवतेय हे मला समजतं, पण ताक देणारीनं हे दूध आहे असं तरी सांगितलं नाही. विकायला का होईना, आली. तुम्हाला मी काही विकत नव्हते आणि तुम्ही काही घेत नव्हता, म्हणून आपलं इतकं गोड चाललं होतं.

लिहायचं म्हणशील तर लिहिणार आहे. पोटाची जखम नीट भरली की अस्तर कसं बदलायचं ते लिहीन. कुणी वाचो न वाचो. खोटं कशाला बोलू, वाचलं तर हवंच आहे. पण खाली काही आलं की आता पहिल्यांदा हात थांबतो. केसवाला होता तेव्हा हे नव्हतं गं. तेव्हा जो येईल तो माझा होता. हे एक तुम्ही दोघांनी माझं नेलंत, ते काही सुट्टी मिळाल्यावर आणून देता यायचं नाही.

गादी घ्यायची ठरवली आहे. पाठ धरते, आणि जुनी एका बाजूला खचलीय. काल ती पोरगी आणि तो टेम्पोवाला दोघं आले होते पलंगाचं माप घ्यायला. चहा झाला, गप्पा झाल्या, टेम्पोवाल्यानं माझं दार करकरायचं थांबवलं. आणि बघते तर काय, ही माप घ्यायची टेप दुकानातच विसरून आलेली. आता गं काय करायचं, म्हणाली. माझ्या मशीनच्या खणात तीन टेपा आहेत, चांगल्या. मी बोलले नाही. गुरुवारी परत येतो म्हणालेत दोघं.

आजी